तीस क्रेडिट पॉइंट आणि एक बधिर चट्टा

मा. संपादक महोदय,
सादर नमस्कार.

नागपुरातील एका हॉटेलात नुकत्याच झालेल्या त्वचारोगविषयक वैद्यकीय परिषदेची बातमी आपल्या दैनिकात दीपप्रज्वलनाच्या छायाचित्रासह वाचली. त्या सभागृहात मागच्या रांगेत मीही होतो. शहरातील डॉक्टरांना अद्ययावत ज्ञानाचा लाभ झाला, असे बातमीत म्हटले आहे. लाभ मुळीच झाला नाही असे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. वक्ते अभ्यासू होते, आणि सोरायसिसच्या नव्या इंजेक्शनांवरचे एक व्याख्यान तर मी वहीत उतरवून घेतले. परंतु हिंगणा औद्योगिक वसाहतीलगतच्या वस्तीत गेली सत्तावीस वर्षे जनरल प्रॅक्टिस करणाऱ्या माझ्यासारख्या एमबीबीएस डॉक्टरला, दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्याच्या बाकावर खाजवत बसलेल्या माणसासाठी त्या दिवसभरातून नेमके काय मिळाले, हा प्रश्न बातमीत नव्हता. तो विचारावा म्हणून हे पत्र लिहीत आहे.

वैद्यक व्यवसायाबाहेरच्या वाचकांसाठी आधी नियम सांगतो. तत्कालीन भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार प्रत्येक डॉक्टरने दर पाच वर्षांत किमान ३० तास निरंतर वैद्यकीय शिक्षण घेणे अपेक्षित आहे, आणि आपल्याकडे महाराष्ट्र वैद्यक परिषद नोंदणीच्या नूतनीकरणासाठी पाच वर्षांचे ३० क्रेडिट पॉइंट मागते. आम्ही बोलताना याला नुसते ‘सीएमई’ म्हणतो. कार्यक्रमाला परिषदेची मान्यता लागते, परिषदेचा निरीक्षक येतो, हजेरी लागते आणि पॉइंट जमा होतात. नियम चांगला आहे. मी ज्या वर्षी एमबीबीएस झालो त्या वर्षीच्या औषधांवर आजही प्रॅक्टिस करत राहिलो, तर रुग्णांनी मला दवाखान्यातून हाकलून द्यावे, अशी परिस्थिती आहे. मात्र हे तीस पॉइंट आपण रोज जे रोग पाहतो त्याच रोगांचे असावेत, असे बंधन नाही. आणि ते बसून ऐकल्याचे आहेत की हाताने करून पाहिल्याचे, हेही कोणी विचारत नाही.

माझ्याकडे दिवसाला येणाऱ्या रुग्णांत त्वचेची तक्रार घेऊन येणारे किती असतात, हे मी एकदा सहज म्हणून महिनाभर वहीत मांडून पाहिले होते. दर पाच-सहा रुग्णांमागे एक, असे प्रमाण निघाले. त्यात गजकर्ण सर्वाधिक, त्याखालोखाल खरूज, इसब, सिमेंटमध्ये काम करणाऱ्या गवंड्यांच्या हातांना पडलेल्या भेगा, गाजरगवताच्या ॲलर्जीने काळवंडलेले शेतमजुरांचे चेहरे आणि माना, लहान मुलांच्या गालांवरची शिबं, बायकांचे वांग, आणि मधूनच एखादा असा चट्टा की ज्याचे काय करावे हे चटकन सुचत नाही. हॉटेलातल्या त्या परिषदेच्या कार्यक्रमपत्रिकेत यांपैकी फक्त वांग होते, आणि तेही लेझरच्या संदर्भात. उरलेला वेळ केमिकल पील, बोटॉक्स, केस उगवण्यासाठी रक्तातून काढलेले प्लाझ्मा आणि वर सांगितलेली महागडी इंजेक्शने यांत गेला. रामदासपेठेत किंवा धंतोलीत चकचकीत क्लिनिक चालवणाऱ्या तज्ज्ञांना या विषयांची गरज आहे, यात वाद नाही. पण सभागृहात बसलेल्यांत माझ्यासारखे जनरल प्रॅक्टिशनर संख्येने पुष्कळ होते, आणि आमच्यापैकी कोणाकडेही लेझरचे यंत्र नव्हते.

आता एक कबुली देतो. ती इतकी वर्षे मी फक्त दोन-तीन मित्रांजवळ दिली आहे.

आठ वर्षांपूर्वी एका कारखान्यात भट्टीजवळ काम करणारा तिशीतला तरुण डाव्या हातावर, कोपराखाली, फिकट कोरडा चट्टा घेऊन आला. मी बुरशीवरचे मलम दिले. तीन आठवड्यांनी आला तेव्हा मलम बदलले. पुढच्या खेपेला गोळ्या जोडल्या. असे आठ महिने चालले. एके दिवशी तो करंगळीला पोळल्याचा फोड घेऊन आला आणि सहज बोलून गेला, “साहेब, बिडीनं पोळलं बहुतेक, पण मले समजलंच नाही.” त्या वाक्यासरशी माझ्या अंगावर काटा आला. त्याला डोळे मिटायला सांगून बॉलपेनच्या टोकाने चट्ट्याला स्पर्श केला. त्याला कळले नाही. शेजारच्या त्वचेला केला, कळले. कोपराच्या आतल्या बाजूची नस चाचपून पाहिली, तर ती सुतळीसारखी जाड झालेली होती. मे महिना होता, त्याचे सगळे अंग घामाने निथळत होते आणि तेवढा चट्टा कोरडा ठणठणीत होता. तो कुष्ठरोग होता. आठ महिन्यांत तो निदान सहा वेळा माझ्यासमोर बसला, सहाही वेळा मी तो चट्टा डोळ्यांनी पाहिला आणि एकदाही हाताने तपासला नाही.

त्याला मेडिकलच्या, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या, चर्मरोग विभागात पाठवले. बहुविध औषधोपचाराची पाकिटे तिथे मोफत मिळतात. बारा महिन्यांचा कोर्स त्याने एकही महिना न चुकवता पूर्ण केला आणि रोग बरा झाला. करंगळी मात्र वाकडीच राहिली. मज्जातंतूला इजा होऊन सहा महिने उलटण्याच्या आत प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड सुरू केले तर गेलेली शक्ती पुष्कळदा परत येते, असे या रोगाच्या उपचाराचे साधे गणित आहे. सहा आणि आठ या दोन आकड्यांमधल्या फरकाची किंमत त्या तरुणाच्या हाताने मोजली. आणि त्याच आठ महिन्यांत, हे मुद्दाम सांगतो, माझे क्रेडिट पॉइंट अगदी नियमितपणे जमा होत होते.

हे नागपुरात घडावे, याची मला अधिक लाज वाटते. कुष्ठरोगाच्या कामाची जितकी परंपरा विदर्भात आहे तितकी देशात क्वचित कुठे असेल. मनोहरजी दिवाणांनी वर्ध्याजवळ दत्तपूरला १९३६ मध्ये काम सुरू केले, डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ मध्ये अमरावतीला तपोवन उभे केले, त्यानंतर वरोऱ्याजवळ आनंदवन उभे राहिले, आणि १९५१ मध्ये वर्ध्यात स्थापन झालेल्या गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानाने घरोघरी जाऊन तपासणी, लोकशिक्षण आणि उपचार यांची जी पद्धत घालून दिली, तिचाच पुढे देशभर विस्तार झाला. बाबा आमटे पेशाने वकील होते. या कामात पडल्यावर त्यांनी कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये जाऊन कुष्ठरोगाचा अभ्यासक्रम केला. ज्याच्याकडे वैद्यकीय पदवी नव्हती तो माणूस वयाच्या पस्तिशीत वर्गात जाऊन बसला. पदवी असलेले आम्ही हजेरीची सही करून जेवणाच्या रांगेत उभे राहतो.

थोडे विषयांतर होईल, पण ‘निर्मूलन’ या शब्दाने आपला मोठा घोळ केला आहे. सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून देशपातळीवर कुष्ठरोगाचे ‘निर्मूलन’ २००५ च्या अखेरीस झाल्याचे जाहीर झाले. त्याचा तांत्रिक अर्थ दहा हजार लोकसंख्येमागे एकापेक्षा कमी रुग्ण, एवढाच होता. मराठीत मात्र निर्मूलन म्हणजे मुळासकट उपटणे. हा रोग संपला, अशी समजूत लोकांची झाली ती झालीच, पण डॉक्टरांचीही झाली. याच सुमारास कुष्ठरोगासाठी असलेली स्वतंत्र यंत्रणा सर्वसाधारण आरोग्यसेवेत विलीन झाली. ज्या कार्यकर्त्यांना अंधारातही नस चाचपता यायची ते निवृत्त झाले आणि त्यांची विद्या कोणाकडे सोपवली गेली नाही. आजही देशात दरवर्षी एक लाखाहून अधिक नवे रुग्ण सापडतात, जगातील नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक आपले असतात, आणि गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा हे आपल्या आसपासचे जिल्हे राज्यात यात आघाडीवर आहेत. त्या जिल्ह्यांतून कामासाठी माणसे येतात ती नागपुरातच, आणि त्यांची पहिली गाठ पडते ती माझ्यासारख्याशी.

कुष्ठरोगापेक्षा संख्येने कितीतरी मोठा प्रश्न गजकर्णाचा आहे. तो आम्हा डॉक्टरांच्याच हातून किती चिघळला आहे, हे मोकळेपणाने बोलले पाहिजे. मी प्रॅक्टिस सुरू केली तेव्हा गजकर्ण हा दोन-तीन आठवड्यांच्या मलमाने जाणारा किरकोळ रोग होता. गेल्या दहा-बारा वर्षांत त्याचे रूपच पालटले. नवतपा सरून पहिला पाऊस पडला की जांघेत, कमरेला, पोटावर पसरलेले चट्टे घेऊन अख्खी कुटुंबे येतात आणि दिवाळीपर्यंत येतच राहतात. याला कारण असलेल्या बुरशीला २०२० मध्ये ‘ट्रायकोफायटॉन इंडोटिनी’ असे स्वतंत्र नाव मिळाले. त्या नावातच आपल्या देशाचा उल्लेख आहे, ही काही अभिमानाची बाब नव्हे. टर्बिनाफिन हे औषध बुरशीच्या ज्या विकरावर (एन्झाइमवर) काम करते, त्याच विकराच्या जनुकात या बुरशीच्या अनेक वाणांनी बदल करून घेतला असल्यामुळे पूर्वी हमखास लागू पडणारी गोळी आता पुष्कळदा निष्प्रभ ठरते.

त्यात भर पडली ती मिश्र मलमांची. क्लोबेटासोल हे अत्यंत तीव्र स्टेरॉइड, एखादे बुरशीवरचे औषध आणि एक-दोन प्रतिजैविके एकाच ट्यूबमध्ये घालून ती वर्षानुवर्षे विकली गेली. लावल्यावर दोन दिवसांत खाज थांबते, लाली जाते, रुग्ण खूश होतो. आणि स्टेरॉइडने त्वचेची प्रतिकारशक्ती दबल्यामुळे आतली बुरशी निर्धास्त पसरत राहते. गजकर्णाची ओळखीची गोल कडा पुसली जाते, त्यामुळे पुढच्या डॉक्टरला ते गजकर्ण आहे हेच ओळखू येत नाही. महिनोन्महिने लावल्यावर जांघेत कायमचे जांभळट वळ उमटतात, ते कोणत्याही उपचाराने पूर्वीसारखे होत नाहीत. हीच जात चेहऱ्यावर गोरेपणासाठी वापरली जाते: मलम लावले की चेहरा उजळतो, सोडले की भाजल्यासारखा लाल होतो, म्हणून पुन्हा लावायचे. भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनी या अवस्थेला ‘टॉपिकल स्टेरॉइड डॅमेज्ड फेस’ असे नाव दिले आणि त्यांच्या संघटनेने सरकारदरबारी सातत्याने पाठपुरावा केला. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी चौदा स्टेरॉइडे चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत अशा ‘एच’ सूचीत घातली. कायदा झाला, पण नागपुरातल्या कोणत्याही चौकात ‘खाजेची ट्यूब द्या’ म्हटल्यावर काय मिळते, हे वाचकांनाही ठाऊक आहे.

मात्र सगळा दोष औषधविक्रेत्यावर टाकून आम्हाला मोकळे होता येणार नाही. त्या ट्यूबचे नाव रुग्णाला कोणीतरी पहिल्यांदा चिठ्ठीवर लिहून दिलेले असते. खाज फार आहे म्हणून कमरेत ट्रायॲमसिनोलोन या स्टेरॉइडचे इंजेक्शन टोचणारे सहव्यवसायी माझ्या परिचयाचे आहेत, आणि सुरुवातीच्या काळात मीही ते टोचले आहे. आम्हाला कोणी शिकवलेच नव्हते, ही सबब पूर्ण खोटी नाही. एमबीबीएसच्या साडेचार वर्षांत चर्मरोग विभागातली हजेरी मोजक्या आठवड्यांची असते, त्याची स्वतंत्र परीक्षा नसते, मेडिसिनच्या पेपरात येणाऱ्या प्रश्नांवर तो निभावून जातो. म्हणजे रोज पाच-सहांतला एक रुग्ण ज्या विषयाचा, तो विषय आम्ही ऐन परीक्षेत सोडून द्यायच्या यादीत टाकलेला असतो. ही उणीव भरून काढण्याची एकमेव जागा म्हणजे निरंतर शिक्षण, आणि तिथे लेझर आहे.

शिकवायचे तर अगदी साध्या गोष्टी शिकवायला हव्यात. उदाहरणार्थ, मलम किती लावायचे? तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबमधून काढलेली मलमाची रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम, आणि तेवढे मलम बोटांसह दोन तळहातांएवढ्या त्वचेला पुरते. रुग्णाचे गजकर्ण आठ तळहातांएवढे पसरले असेल तर एका वेळी दोन ग्रॅम, दिवसातून दोनदा म्हणजे चार ग्रॅम. पंधरा ग्रॅमची ट्यूब चार दिवसही पुरणार नाही. आमचा रुग्ण तीच ट्यूब महिनाभर पुरवतो, आणि आम्ही औषधाला गुण नाही म्हणून कंपनी बदलतो. हे गणित मला वयाच्या पंचेचाळिशीत एका निवासी डॉक्टर मुलीने मेडिकलच्या ओपीडीत उभ्याउभ्या सांगितले. दुसरे उदाहरण बुरशीवरच्या इट्राकोनॅझोलचे. ही कॅप्सूल पोटात आम्ल असेल तरच नीट शोषली जाते, म्हणून ती भरल्या पोटी घ्यायची असते. आणि आम्ही सवयीने प्रत्येक चिठ्ठीच्या शेवटी ॲसिडिटीची गोळी लिहितो, म्हणजे एका हाताने दिलेले औषध दुसऱ्या हाताने काढून घेतो. खरजेचे तर विचारूच नका. परमेथ्रिनचे मलम मानेपासून तळपायापर्यंत, नखांखाली आणि बोटांच्या बेचक्यांत रात्रभर लावायचे, आठवड्याने पुन्हा लावायचे, आणि घरातल्या सगळ्यांनी, ज्याला खाज नाही त्यानेसुद्धा, एकाच रात्री लावायचे. कारण पहिल्यांदा लागण झालेल्या माणसाला खाज सुटायलाच चार ते सहा आठवडे लागतात. पाच माणसांच्या घरात एक ट्यूब लिहून देणारी चिठ्ठी म्हणजे खरजेला दिलेला परवानाच असतो.

यापेक्षा गंभीर गोष्टही आहे. फिट्सच्या किंवा युरिक ॲसिडच्या गोळ्या सुरू केल्यावर दोन-तीन आठवड्यांनी अंगावर चट्टे, तोंडात फोड आणि डोळ्यांची लाली घेऊन आलेला रुग्ण हा पुरळाचा रुग्ण नसतो, तो जिवावर बेतलेला रुग्ण असतो. ती गोळी त्याच क्षणी बंद करून त्याला मोठ्या रुग्णालयात पाठवणे एवढेच जनरल प्रॅक्टिशनरचे काम, पण ते त्याच दिवशी झाले पाहिजे. आणखी एक अडचण कोणी फारशी बोलून दाखवत नाही. आमच्या पाठ्यपुस्तकांतली आणि परिषदांच्या पडद्यावरची बरीचशी छायाचित्रे गोऱ्या त्वचेची असतात. तिथे जी लाली टोमॅटोसारखी दिसते ती आपल्याकडच्या सावळ्या त्वचेवर जांभळट, तपकिरी, कधी नुसतीच काळपट दिसते. गोंदियाच्या शेतमजुराच्या पाठीवरचे सोरायसिस ओळखायला परदेशी छायाचित्र उपयोगी पडत नाही, गोंदियाचा शेतमजूरच समोर असावा लागतो.

हे सगळे हॉटेलात का शिकवले जात नाही, याचे उत्तर वाचकांनी ओळखले असेलच. सभागृहाचे भाडे, जेवण, वक्त्यांचा प्रवास यांचा खर्च ज्या औषध कंपन्यांच्या दालनांमधून वाट काढत आम्ही सभागृहात शिरतो, त्यांच्याकडून येतो. आणि एक रुपयाच्या बॉलपेनने करायच्या तपासणीसाठी कोणीही दालन थाटत नाही. डॉक्टरांनी कंपन्यांकडून भेटवस्तू आणि प्रवासखर्च घेऊ नये, हा नियम २००९ पासून आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या जागी आलेल्या राष्ट्रीय वैद्यक आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये कंपन्यांच्या प्रायोजकत्वावर अधिक कडक निर्बंध घालणारे विनियम काढले आणि त्याच महिन्यात ते स्थगितही केले. मार्च २०२४ मध्ये औषध कंपन्यांच्या विपणनासाठी सरकारने नवी संहिता आणली. नियम कडक व्हावेत याच मताचा मी आहे. पण नुसता पैसा बंद केल्याने शिक्षण सुरू होत नाही, रिकामे सभागृह तेवढे उरते. साथीच्या काळापासून घरबसल्या पडद्यावर ऐकायच्या व्याख्यानांचा सुळसुळाट झाला आहे. ती स्वस्त पडतात, त्यांत उत्तम वक्ते मिळतात, आणि मी जेवताना ती ऐकतो. ऐकतोच, नस चाचपायला शिकत नाही.

माझी सूचना साधी आहे. मेडिकल, मेयो (इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय) आणि मिहानमधील एम्स, या तिन्ही ठिकाणच्या चर्मरोग विभागांच्या बाह्यरुग्ण कक्षांत रोज सकाळी जे रुग्ण येतात, त्यांच्याएवढे समृद्ध ग्रंथालय मध्य भारतात दुसरे नसेल. महाराष्ट्र वैद्यक परिषदेने असे करावे की, जनरल प्रॅक्टिशनरने वर्षातून पाच सकाळी यांपैकी एका विभागात प्राध्यापकांशेजारी बसून रुग्ण पाहिले, तर त्याचे क्रेडिट पॉइंट व्याख्यानांपेक्षा जास्त धरावेत. एका सकाळी एका टेबलाशी दोनच डॉक्टर असावेत. त्या पाच सकाळींत प्रत्येकाने स्वतःच्या हाताने दहा रुग्णांच्या चट्ट्यांची संवेदना तपासावी, कोपराची आणि गुडघ्याखालची नस चाचपावी, गजकर्णाची कड खरवडून पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे धागे निदान एकदा पाहावेत, आणि शेवटच्या दिवशी परीक्षा द्यायची ती छापील पर्यायांवर खूण करून नव्हे, तर समोरचा रुग्ण तपासून. प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना तर हे सक्तीचेच करावे, कारण कुष्ठरोग शोधमोहिमेत आशाताई घरोघर फिरून संशयित चट्टे घेऊन येतात. ते कुष्ठरोगाचे आहेत की नाहीत हे ठरवणारा हात केंद्रात नसेल तर त्यांची पायपीट वाया जाते.

प्राध्यापक मंडळी आधीच रुग्णांच्या गर्दीने बेजार आहेत, त्यांच्यावर हे ओझे कशाला, अशी शंका येईल. ती रास्त आहे. पण त्या गर्दीत निम्मे रुग्ण असे असतात की जे वस्तीतल्या डॉक्टरला हाताळता आले असते, किंवा ज्यांचा रोग वस्तीतल्या डॉक्टरने आधी बिघडवलेला असतो. माझ्या त्या रुग्णासारख्या एकाला जरी दुसऱ्याच महिन्यात योग्य ठिकाणी पाठवले गेले, तरी विभागाचे काम वाढण्याऐवजी हलकेच होईल. होमिओपॅथी आणि आयुर्वेदाच्या डॉक्टरांना यात घ्यावे की नाही, असाही प्रश्न येईल. कोणी कोणती औषधे लिहावीत हा वाद मी इथे उकरून काढत नाही. पण वस्त्यांमध्ये बहुसंख्य दवाखाने त्यांचेच आहेत, आणि बधिर चट्टा ओळखून पुढे पाठवायला कोणत्याही पॅथीची आडकाठी नसावी.

मोबाइलवर फोटो मागवून सल्ला देण्याचे दिवस आले आहेत, मग ओपीडीत कशाला जायचे, असेही तरुण सहकारी म्हणतात. टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वे २०२० पासून लागू आहेत आणि दुर्गम भागासाठी ही सोय मोलाची आहे. मीही अवघड चट्ट्यांचे फोटो रुग्णाच्या संमतीने तज्ज्ञ मित्राला पाठवतो. पण बल्बच्या पिवळट उजेडात काढलेल्या फोटोत रंग खरा येत नाही, आणि बधिरपणा तर कोणत्याच फोटोत येत नाही. फोटो पाठवण्याआधी चट्टा शिवून पाहिला पाहिजे, हे ज्याला ठाऊक आहे त्याच्याच हातात फोनचा उपयोग आहे.

मे २०२५ मध्ये जागतिक आरोग्य सभेने त्वचारोगांना सार्वजनिक आरोग्याचा प्राधान्याचा विषय मानणारा ठराव केला. त्या ठरावाचे आपल्याकडे जे काही व्हायचे ते होईल. माझी अपेक्षा त्याहून लहान आहे. वैद्यक परिषदेने ओपीडीतल्या प्रत्यक्ष कामाला क्रेडिट पॉइंट देण्याचा निर्णय घ्यावा, तिन्ही संस्थांच्या विभागप्रमुखांनी आठवड्यातली एक सकाळ ठरवून द्यावी, आणि डॉक्टरांच्या संघटनेच्या, म्हणजे आयएमएच्या, नागपूर शाखेने नावांची यादी करून पाळ्या लावाव्यात. यासाठी हॉटेल लागत नाही, दालन लागत नाही. चहासुद्धा मेडिकल चौकातल्या टपरीवर आमचा आम्ही घेऊ. सकाळी दवाखाना बंद ठेवला तर त्या दिवसाची मिळकत बुडेल हे खरे, पण हॉटेलातल्या परिषदेसाठीही आम्ही तो बंद ठेवतोच. यादी झाली तर पहिल्या आठवड्यात माझे नाव घालावे. मंगळवार सोडून कोणताही वार मला चालेल. मंगळवारी आमच्या वस्तीत बाजार असतो आणि गर्दी फार होते.

आपला विश्वासू,
हिंगणा मार्गावरील एक जनरल प्रॅक्टिशनर,
नागपूर